फाटकातला रूळ

मित्रांनो, मी एक जुना रूळ आहे. अख्खा नाही, कमरेइतका तुकडा. सौंदडकडच्या छोट्या लाईनवर मी पुष्कळ वर्षं गाड्या पाठीवर घेतल्या. लाईन रुंदावून मोठी झाली तेव्हा मला काढलं, कापलं आणि भंगारात टाकलं. तिथून एका गावच्या पंचायतीने मला आणलं. गावात नवी बाग झाली होती. तिथे मोटरसायकली घुसू नयेत म्हणून फाटकाच्या मधोमध मला सिमेंटात गाडलं आणि काळा-पिवळा रंग दिला. सरपंच उदारामभाऊ माझ्यावर थाप मारून म्हणाले, "आता पाहतो कोण घुसते ते!"

मला अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू?

महिनाभरात बेशरमाच्या झुडपांच्या कुंपणाला भगदाड पडलं आणि मोटरसायकली तिथून जाऊ लागल्या. शेळ्या तर मलाच अंग घासून आत जायच्या. मग मी अडवलं कोणाला? प्रेमिलाबाईंना.

मळणीच्या दिवसांत बैलबंडीवरून पडून त्यांचे पाय गेले होते. घर बागेसमोरच. नवरा बिसराम धानाच्या शेतात गेला, की त्या ओसरीतून बागेतला कडुनिंब बघत बसायच्या. त्याच्या सावलीत गावच्या बाया जमत. तिथे आपणही जाऊन बसावं, एवढंच त्यांना हवं होतं.

२००५ साली अपंगांना हाताने चालवायच्या तीनचाकी सायकली वाटायचं ठरलं. कुठे? बागेतच! मंडप आत आणि सायकली फाटकाबाहेर, कारण माझ्यामुळे त्या आत जाईनात आणि कुंपणाच्या भगदाडातून रुंद तीनचाकी मावेना. मग माणसांना उचलून आत न्यायचं, भाषणं ऐकवायची, पुन्हा उचलून बाहेर आणायचं आणि सायकलीवर बसवायचं, असं ठरलं. हे ठरवताना कोणाला हसूसुद्धा आलं नाही.

प्रेमिलाबाई अडून बसल्या. "चौघायनं उचलाचा दिवस येईलच जी. आतापासून कायले?"

"वहिनी, दोन मिनिटाचं काम हाय," उदारामभाऊ म्हणाले.

"तं मंग हा खांबच काढा ना दोन मिनिटात!"

"अन् मोटरसायकली घुसल्या तं?"

बिसराम तापला. "त्या तं कुंपणातून घुसूनच राहिल्या. तुमाले दिसत नाही काय?"

"पाहू," उदारामभाऊ म्हणाले.

बाईंना सायकल फाटकाबाहेरच मिळाली. त्या रोज ती चालवत माझ्यापर्यंत यायच्या आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून आत बघायच्या. सुरुवातीला बाया बाहेर येऊन बोलायच्या. पण उन्हात किती वेळ उभ्या राहणार? त्या सावलीत परतायच्या.

बिसराम प्रत्येक ग्रामसभेत उठून उभा राहायचा. दर वेळी उत्तर एकच, पाहू. एका वर्षी मात्र काम झालं. मला नवा रंग दिला!

सहाव्या वर्षी प्रेमिलाबाई वारल्या. महिन्याभराने बिसराम सकाळीच सब्बल, म्हणजे पहार, घेऊन आला आणि माझ्या बुडाशी खोदू लागला. लोक जमले. उदारामभाऊही आले. जरा वेळ बघून हळूच म्हणाले, "बिसरामभाऊ, वहिनी तं गेल्या. आता कोणासाठी खोदून राहिले?"

बिसराम थांबला नाही. "गावात पाय काय तिचे एकटीचेच गेले होते?"

उदारामभाऊंनी घमेलं उचललं आणि ते माती बाजूला टाकू लागले.

दुपार कलायच्या आत मी बाहेर निघालो. मित्रांनो, अर्ध्या दिवसाचं काम! ते 'पाहू, पाहू' म्हणण्यात सहा वर्षं गेली, आणि बाईंजवळ तेवढी वर्षं नव्हती.

तुम्ही मोठे व्हाल, बागा बांधाल, फाटकं लावाल. सिमेंट ओतण्याआधी एक तीनचाकी त्यातून नेऊन बघा. आणि चूक झालीच, तर ज्याला आत यायचं आहे ते माणूस असेपर्यंत खोदा.