ओला दुपट्टा

आगीच्या गाडीवर नोकरी लागली तेव्हा वर्षालीच्या घरी पेढे वाटले होते. पण तिच्या हातात पाण्याचा पाइप आला नाही, टॅबलेट आला. वैशाखातल्या आगीत माणसं ज्वाळेपेक्षा स्वतःच्या अंगात कोंडलेल्या उष्णतेनं जास्त पडतात, म्हणून नगरपरिषदेनं जवानांसाठी पट्टे आणले होते. दंडावरचा पट्टा नाडीचे ठोके मोजायचा, छातीवरचा अंगाचा ताप. बाहेर बसलेल्याच्या पडद्यावर प्रत्येकाच्या नावापुढे ठोक्यांचा आकडा दिसे आणि तापाचा ठिपका: हिरवा, पिवळा, लाल. लाल झाला की वॉकीटॉकीवरून हाक मारायची आणि माणूस बाहेर काढायचा. बाईला आत पाठवायची साहेबांची छाती होत नव्हती, म्हणून हे काम वर्षालीच्या गळ्यात पडलं.

वरून सोपं दिसणारं काम होतं. एप्रिलात कडब्याच्या गंजीला आग लागली, तेव्हा लाल ठिपका बघून तिनं मुकेशला बाहेर बोलावलं. मुकेश केळझरचा, अंगानं दणकट, आगीत सगळ्यांच्या पुढे घुसणारा. तो बाहेर आला, पाणी प्यायला, ठणठणीत उभा राहिला, आणि तेवढ्यात अख्खी गंजी जळून खाली बसली. झालं! "मुक्या, बाईनं बोलावलं रे, चाल घरी," असं जो तो म्हणू लागला. मुकेश आठवडाभर तिच्याशी बोलला नाही. चहा यायचा तो तिचा कप सोडून. ऐकायला क्षुल्लक वाटतं; पण रोज त्याच खोलीत बसून सोसायचं म्हणजे जीव नकोसा होतो.

मग पोरांनीच तोड काढली. वैशाखात दुपट्ट्याशिवाय घराबाहेर पडतो कोण? तोच दुपट्टा टँकरच्या तोटीखाली भिजवायचा, छातीला गुंडाळायचा, पट्टा त्यावर आवळायचा आणि वरून तो जाडजूड कोट. पट्ट्याला कातडी लागतच नाही, ओलं कापड लागतं. ठिपका हिरवागार. छातीलाही थोडा वेळ गार वाटतं, म्हणजे आपण काही वावगं केलं असंही वाटत नाही.

वर्षालीनं हे डोळ्यांनी पाहिलं. तोटीखाली दुपट्टा धरून मुकेशनं तिच्याकडे बघत डोळा मिचकावला. "सांगशीन नाई न कोनाले?"

ती हसली. इतक्या दिवसांनी कुणी तिला आपल्यात घेत होतं, तिला बरं वाटलं. त्या दुपारी तिचाही चहा आला.

मेच्या मध्यात समुद्रपूरच्या रस्त्यावरच्या एका जिनिंग कारखान्यात आग लागली. कापसाची आग मोठी लबाड असते. वर ज्वाळा दिसत नाही आणि आत ढीग धुमसत असतो. तो उकरून, उलथून, थरामागून थर भिजवावा लागतो. वर टिनाचं छत, भर दुपार. पथकाचा प्रमुख रुपेश आणि मुकेश आत शिरले. वर्षाली टँकरच्या सावलीत पडदा घेऊन बसली.

बराच वेळ झाला. मुकेशचा ठिपका हिरवाच होता, पण नाडीचा आकडा चढत होता. तो चढला, अजून चढला, आणि खाली यायचं नावच घेईना. शेजारच्या रुपेशचा आकडा तो थांबून दम घ्यायचा तेव्हा उतरत होता. मुकेशचा उतरत नव्हता. ठिपका खोटा आहे हे तिला ठाऊक होतं. दुसऱ्या कुणाला चुकायला वाव होता, तिला नव्हता.

तिनं वॉकीटॉकी उचलली. टँकरजवळ तिघं जण पाइपचा पीळ काढत उभे होते. हिरव्या ठिपक्यावर बोलावलं तर हे काय म्हणतील? त्याला काढलं आणि कापसाच्या गाठी हातच्या गेल्या तर? तिनं वॉकीटॉकी मांडीवर ठेवली. थोडं थांबू, तिनं स्वतःला सांगितलं, आकडा उतरेल. उतरला नाही. ती आणखी थांबली.

शेवटी तिनं बटण दाबलं. "मुकेशभाऊ, बाहेर या."

खरखर झाली. मग मुकेशचा आवाज आला, मऊ, झोपेतल्यासारखा. "माय, बाज सावलीत घे वो. ऊन लागून राह्यलं."

वर्षाली किंचाळत दाराकडे धावली. रुपेशनं त्याला काखेत धरून ओढत आणलं. कोट फाडून काढला, तर दुपट्टा अजून ओलाच, आणि त्याखालचं अंग हाताला चटका बसेल इतकं तापलेलं, घामाचा टिपूस नाही. त्यांनी त्याच्यावर पाणी सोडलं, रसवंतीवरून बर्फाची लादी आणून काखेत, मानेला लावली. तो डोळे उघडेना. पडद्यावर अजूनही हिरवंच दिसत होतं.

चौकशीत सगळ्यांनी यंत्राला दोष दिला. वर्षालीला विचारलं, तेव्हा तिनंही मान हलवली. पट्टे खोक्यात भरून परत गेले.

मुकेश वाचला. पण उष्णता डोक्यात चढली ती चढलीच. दिवाळीच्या आधी वर्षाली केळझरला गेली, तेव्हा तो भिंत धरून चालत अंगणात आला. जीभ जड, हात थरथरणारे. त्याची आई शकुबाई बशीतला चहा फुंकून त्याच्या ओठांशी धरत होती.

"याले त्या दिवसाचं काईच याद नाई," शकुबाई म्हणाली आणि कपबशी घेऊन आत गेली.

मुकेश वर्षालीकडे वळला. शब्द जुळवायला त्याला वेळ लागत होता.

"तुले त दिसून राह्यलं होतं," तो म्हणाला. "मंग मले येळेवर बोलावलं काऊन नाई?"

यंत्राचं नाव तिच्या ओठांवर आलं होतं. ते गिळून टाकलं.

"भेली मी."

"आगीले?"

"नाई. तुमी सारे हासान म्हून."

मुकेशनं मान खाली घातली.

"हासलो असतो," तो म्हणाला. "बस, हासलोच असतो आमी."