पाठीमागून उघडणारं दार

मित्रांनो, रणगाडा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे लांब तोफ येते. माझ्याकडे ती नाही. पण एके काळी मी खराखुरा रणगाडा होतो, आणि आज जो आहे त्याचा मला जास्त आनंद आहे.

वाळवंटातल्या सीमेवर मी सत्तावीस वर्षं काढली. पुढे नवे, वेगवान रणगाडे आले आणि माझी तोफ जुनी ठरली. मला मैदानाच्या कडेला उभं केलं. माझ्या पट्ट्यांमध्ये गवत वाढलं, तोफेच्या नळीत साळुंकीनं घरटं बांधलं. तिची पिल्लं उडून गेल्यावर तर मला फारच एकटं वाटलं.

मग मला मालगाडीवर चढवून अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आणलं. क्रेननं तोफ घुमटासकट उचलली, तेव्हा कुणी डोकंच काढून नेल्यासारखं झालं. पण तिथले लोक माझ्या जाड पोलादावर कौतुकानं थाप मारत होते. त्यांना माझी जवानांना नेणारी गाडी करायची होती. आठ जण माझ्या पोटात बसणार आणि गोळ्यांच्या माऱ्यातून मी त्यांना पुढे पोचवणार.

अडचण एकच होती. रणगाड्याचं इंजिन मागे असतं, त्यामुळे मागे दार नसतं. वरच्या झाकणातून उतरायचं, तर जवान शत्रूला आयते दिसणार.

हे काम हरिचंद्र आणि मैत्रेयीकडे आलं. हरिचंद्र चामटोलीचे जुने फिटर, निवृत्तीला चार महिने उरलेले. मैत्रेयी अंबरनाथ पूर्वेची तरुण वेल्डर. त्यांनी लहान इंजिन आडवं बसवलं, बाजूनं अरुंद वाट काढली आणि मागे दार केलं.

चाचणीला आठ जवान आले. सात झटपट उतरले. आठवा, जसवंत नावाचा धिप्पाड जवान, पाठीवरच्या बोजासकट वाटेतच अडकला. त्याला ओढून काढावं लागलं. सोबत आलेले लष्करी अधिकारी रागावले नाहीत, पण पंधरा दिवसांत हे सुटलं नाही तर मला तोडायला पाठवू, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

हरिचंद्र हताश झाले. इंजिन आणखी सरकणार नव्हतं, म्हणजे वाट रुंद होणार नव्हती. जसवंतएवढाच बोजा पाठीवर बांधून मैत्रेयी दिवसभर माझ्यातून आत-बाहेर करत राहिली. तिचे गुडघे सोलले. संध्याकाळी ती बाहेर येऊन म्हणाली, "काका, वाट रुंदीला पुरते. छत खाली आहे. माणूस वाकला की बोजा वर जातो आणि तिथे अडकतो."

"छत कापलं तर चिलखत राहील का?" हरिचंद्रांनी विचारलं.

"कापून टाकायचं नाही. बिजागरीवर घ्यायचं. दार उघडलं की छतही वर उचललं जाईल."

हरिचंद्र तिथेच जमिनीवर बसले आणि खडूनं बिजागरी काढू लागले. पुढचे दिवस माझ्या अंगावर ठिणग्यांचा नुसता पाऊस होता, आणि मला तो हवाहवासा वाटत होता.

दुसऱ्या चाचणीला मैत्रेयीनं जसवंतला सगळ्यांच्या पुढे, दाराच्या वाटेशी बसवायला सांगितलं. तो अडकला असता, तर मागचे सातही अडकले असते. दार उघडलं, छत उचललं गेलं आणि जसवंत धावतच बाहेर पडला. त्याच्यामागे सगळे. तो वळून मैत्रेयीला म्हणाला, "ताई, मैं तो सर झुकाना ही भूल गया."

निवृत्तीच्या दिवशी परवानगी काढून हरिचंद्रांनी बायकोला, इंदुबाईंना, मला बघायला आणलं. त्यांचे गुडघे दुखायचे. तरी त्या आत जाऊन जवानांच्या बाकावर ऐसपैस बसल्या आणि म्हणाल्या, "घरात बसल्यावानी वाटतंय." मग मागच्या दारानं कुणाचा हात न धरता उतरल्या. हरिचंद्र बघतच राहिले.

आता मी पुन्हा सीमेवर आहे. मित्रांनो, जुन्या गोष्टी तोडायला काढण्याआधी थोडा वेळ त्यांच्यापाशी घालवा, आणि वापरात ठेवाल तेव्हा त्यांच्या बिजागऱ्यांना तेल द्यायला विसरू नका. माझ्या बिजागऱ्यांना दर सोमवारी तेल मिळतं. रोज सरावाला आठ जण आत चढतात. मी त्यांना मैदानापलीकडे नेतो, दार उघडतो आणि मोजतो. आठच्या आठ उतरतात.