लॉन्ड्रीची मोटर

विजेच्या जळलेल्या मोटरी दुरुस्त करणं हा तिच्या भावाचा धंदा. लॉन्ड्रीतली मोटर त्याच्या दुकानात आली तशी ती स्टूल ओढून समोर बसली.

"घरी जा. कळवतो तुला."

ती हलली नाही.

तिचा नवरा लॉन्ड्रीत कपडे वाळवायच्या ड्रमवर होता. पोरीला बूट घ्यायचे होते, म्हणून त्या दिवशी तिने त्याला बजावलं होतं, काहीही करा, पण अंधार पडायच्या आत या. काम तर कमी होणार नव्हतं. दोन खेपांचे ओले कपडे त्याने एकाच खेपेत कोंबले असतील का? मोटर पेटली, कपडे पेटले, आणि नवरा घरी आला तो झाकूनच. लवकर या म्हणून बजावल्याचं तिने फक्त दादाला सांगितलं होतं.

मोटरचं पोट तिला पाठ होतं. दोघं भावंडं बापाजवळ तांब्याची तार गुंडाळतच मोठी झाली. आत कॉइलचे तीन गट. वीज त्यांच्यातून आळीपाळीने जाते, चुंबकाची ओढ गोल फिरते आणि मधला दांडा तिच्यामागे धावत सुटतो. ओझं वाढलं तर मोटर नाही म्हणत नाही. जास्त वीज ओढते आणि शेवटी जळते. तिचा नवराही तसलाच होता, सांगाल ते करणारा.

लाइनचा एक फेज, म्हणजे वीज आणणाऱ्या तीन तारांतली एक, गेला असेल तर दोन गट काळे आणि तिसरा कोरा. ओझ्याने जळली असेल तर तिन्हींचा सारखाच कोळसा.

भावाने झाकण काढलं, टॉर्च मारली आणि तिच्याकडे पाठ केली.

"काय दिसतंय, दादा?"

"दोन काळे, एक कोरा. फेज गेला होता. तुझ्यामुळे काही झालं नाही."

तिला रडू कोसळलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा श्वास पोटापर्यंत गेला.

"मला बघू दे."

"बघायचंय काय त्यात? घाण आहे नुसती," म्हणत त्याने छिन्नी लावली आणि कॉइल सटासट कापायला घेतली.

तिचं रडू थांबलं. कापण्याआधी जुने वेढे मोजायचे, नाहीतर नवे किती घालायचे ते कळत नाही. बापाने पाठीत धपाटे घालून शिकवलेला पहिला धडा. दादा एक वेळ जेवायला विसरेल, मोजायला नाही.

"दादा," ती हळूच म्हणाली, "वेढे मोजायचे राहिले."

छिन्नी थांबली. मग पुन्हा सुरू झाली, आणि शेवटची तार निघेपर्यंत त्याने मान वर केली नाही.