गाठीच्या मापाचा हौदा

टेम्पो घ्यायला निघालेला माणूस सोबत एखादा जाणकार मित्र नेतो. हरेश्वरने सुतळी नेली. सुतळीवर निळ्या शाईच्या दोन खुणा होत्या, एक कापडाच्या गाठीच्या लांबीची आणि दुसरी रुंदीची. अठरा वर्षं त्याने गिरणीत कापड दाबून, गोणपाटात शिवून, वर लोखंडी पट्ट्या आवळून गाठी बांधल्या होत्या. ते माप त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण अशा कामात अंदाज नको, असं त्याचं म्हणणं. एरवी शहाणा माणूस, गिरणीचा विषय निघाला की मात्र त्याचं शहाणपण कुठे जाई कोण जाणे.

संपाला दोन वर्षं उलटून गेली होती. आजूबाजूच्या काही गिरण्या अर्ध्यामुर्ध्या सुरू झाल्या होत्या. त्याच्या गिरणीचं कुलूप तेवढं तसंच होतं.

परळला कास्मीर मेकॅनिकच्या गॅरेजात दोन जुन्या गाड्या विकायला उभ्या होत्या. एक तीनचाकी टेम्पो, कुठल्याही बोळात घुसणारा. दुसरी मॅटाडोर, मागे लांबरुंद उघडा हौदा. हरेश्वरच्या बायकोने, दमयंतीने, आल्या आल्या तीनचाकीवर हात ठेवला आणि तो काढलाच नाही.

दमयंती वरळी कोळीवाड्यातली. लग्न झाल्यावर सुटलेली मासळीची पाटी संपाने पुन्हा तिच्या डोक्यावर आणून ठेवली होती. पहाटे भाऊच्या धक्क्यावर माल घ्यायचा आणि करी रोड, लालबागच्या चाळींचे जिने चढायचे. दोन वर्षांत तिची मान धरली. हाताला मुंग्या येऊ लागल्या, घट्ट धरलेला कोयता सुटून पडू लागला. डॉक्टरने सरळ सांगितलं, डोक्यावरचं ओझं टाका, नाहीतर हात जातील. मग तिच्या मावशीने, शेवंताने, कोळीवाड्यातल्या नऊ जणींना गोळा केलं. लहान टेम्पो असेल तर धक्क्यावरून बाजारापर्यंत रोजचं भाडं आम्ही देऊ, असं नऊही जणी कबूल झाल्या. कोळीवाड्याच्या गल्लीत शिरेल एवढा लहान हवा, एवढीच अट. गाडीसाठी मोडायच्या पाटल्याही दमयंतीच्याच होत्या.

"हरेश्वर, माजा आयक," कास्मीर म्हणाला. "लहान घे. तेल कमी पितो, कामाला मरण नाय. मोठ्याला मोठं काम लागते. हाय काय तुज्याकडे?"

"गिरणी उघडली की आहे. गिरणी ते कापडबाजार. आपल्या गाठी आपणच न्यायच्या."

तो तीनचाकीच्या हौद्यात चढला, सुतळी ताणली, वाकून बघितलं.

"वीतभर कमी पडतोय. गाठ बाहेर लोंबणार."

"कुठली गाठ?" दमयंतीने विचारलं. "कुठे आहे ती, दाखवा तरी मला."

"येईल ना."

"माझ्या पाट्या बसतात की नाही यात? तेवढं सांगा."

हरेश्वर खाली उतरला. खरं काय ते त्याने तेव्हा सांगून टाकलं. मासळीचं पाणी एकदा फळ्यांत मुरलं की तो वास जन्मात जात नाही. त्यावर कोरं कापड ठेवलं तर व्यापारी गाठ दारातून परत पाठवेल. त्याच्या बापाने होडी विकून गिरणी धरली होती, ती काय मुलाने परत पाट्या वाहायला? एवढं बोलून तो मॅटाडोरमध्ये चढला. सुतळी अशी टाकली, तशी टाकली. लांबीत दोन गाठी, रुंदीत दोन, आणि वर दोरी बांधायला बोटभर जागा. त्याचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत तो असा हसला नव्हता, म्हणूनच दमयंती गप्प बसली. पाटल्या तिने काढून दिल्या. तिने भांडायला हवं होतं. भर गॅरेजात बसकण मारून आकांत करायला हवा होता.

पुढची दोन वर्षं मॅटाडोर चाळीबाहेर उभी राहिली. भाडं मिळायचं ते लोकांच्या बिऱ्हाडांचं. खोली विकून कोणी डोंबिवलीला निघालं, कोणी नालासोपाऱ्याला, की त्यांची कपाटं आणि हंडे हरेश्वर पोचवून यायचा. महिन्यात चारपाच खेपा. लग्नसराईत खुर्च्या. शेवंता एकदा स्वतः येऊन म्हणाली, "मोठी तर मोठी, जावईबापू. नाक्यावर उभी करा, आमी तितवर पाट्या आणू." तो मासळीला नाही म्हणाला. नऊ जणींनी दुसऱ्या कोणाची तीनचाकी लावली. दमयंतीला त्यात जागा नव्हती, कारण तिच्या वाटणीची जागा धरायला ती कधी गेलीच नाही. नवऱ्याची गाडी असताना दुसऱ्याच्या गाडीत पाटी ठेवायची तिला लाज वाटली. ती चालत राहिली. आणि हा रोज सकाळी हौदा धुवायचा, फळ्या फडक्याने कोरड्या करायचा. संताप येतो, पण काय करणार, तो दारू पीत नव्हता, मारझोड करत नव्हता. नुसती वाट बघत होता.

त्याला हसणारे पुष्कळ होते. न हसणारा एक, शेजारच्या खोलीतला म्हातारा धोंडू. मालवणकडचा, बावीस वर्षं साच्यावर, म्हणजे गिरणीतल्या मागावर, कापड विणलेला. मालक रातोरात साचे विकून टाकतील या भीतीने तो आणि आणखी चौघे गिरणीच्या मोठ्या गेटसमोर बाकडं टाकून पाळीने बसत. साचे आत आहेत तोवर गिरणी आहे, असा त्यांचा हिशेब. हरेश्वर गेटवरून गेला की धोंडू ओरडायचा, "पयली गाठ माज्या म्होरसून न्हे रे! हात लावल्याबिगर सोडूचंय नाय!"

"तुझ्यासमोरूनच नेणार," हरेश्वर म्हणायचा.

एका शनिवारी गिरणीतला गणपत मुकादम घरी आला. उद्या सकाळी गिरणीच्या मागच्या गेटातून भरायचंय, म्हणाला. लांब हौदा लागेल, तीनचाकीचं काम नाही, म्हणून तुझं नाव काढलं. हरेश्वरने काय भरायचं ते विचारलंच नाही. विचारलं असतं तर मुकादमाने सांगितलं असतं, त्याला लपवायचं काही कारण नव्हतं. रविवारी हरेश्वरने गाडीपुढे नारळ फोडला, नवी ताडपत्री काढली. दमयंती पाटी घेऊन निघाली होती. तिला म्हणाला, "उद्यापासून नको जाऊस." जिन्यात थांबून तिने मागे वळून बघितलं.

मागच्या गेटाच्या आत घण चालले होते. साचे तोडून त्यांचे बाजूचे लोखंडी सांगाडे भिंतीला ओळीने टेकवून ठेवलेले. हरेश्वर गाडीतून उतरला आणि उभाच राहिला. मुकादम म्हणाला, "भरतोस की दुसरा बघू?"

तो परत फिरू शकत होता. मोठं गेट गिरणीच्या दुसऱ्या टोकाला होतं, तिथवर चालत जाऊन धोंडूला सांगता आलं असतं. त्याच्या डोळ्यांपुढे दमयंतीची धरलेली मान आली आणि त्याने "भरतो" म्हटलं. माणसांनी सांगाडे चढवले. हौद्यात ते बरोब्बर बसले, वर दोरी बांधायला बोटभर जागा राहिली. स्वतःची किळस येत असतानाच त्याने वर नवी ताडपत्री घाईघाईने बांधली.

मागच्या बोळातून रस्त्यावर यायला वाट एकच, मोठ्या गेटासमोरून. बाकड्यावर त्या दिवशी धोंडू एकटाच होता. गिरणीच्या भिंतीकडून ओझ्याने दबलेली मॅटाडोर येताना दिसली, वर ताडपत्री घातलेली, आणि म्हातारा धडपडत उठला.

"इल्यो? गाठी इल्यो रे?"

हरेश्वरने गाडी थांबवली. धोंडूने त्याच्या उत्तराची वाटही बघितली नाही. चप्पल काढून तो हौद्याजवळ आला आणि ताडपत्रीवर हात ठेवला, देवाला हात लावून कपाळाला न्यावा तसा. हात कपाळाकडे गेला नाही. तो ताडपत्रीवरून हळूहळू सरकत गेला, कडेवर आला, खालच्या लोखंडाच्या वाकणावर थांबला. बावीस वर्षं साच्यावर फिरलेला हात होता तो, त्याला ताडपत्री काढून बघायची गरज नव्हती.

मग धोंडूने विचारलं, "दमयंती अजून पाटी घेता डोक्यार?"

"होय."

धोंडूने चपला पायात घातल्या. रस्त्यावर दोन्ही बाजूंना बघून घेतलं.

"उतर. ताडपत्री नीट बांध," तो म्हणाला. "हयसून लोखंड दिसता. लोकां बघतली."

हरेश्वर उतरला. दोरी त्याच्या हातून पुन्हापुन्हा निसटत होती. तेव्हा धोंडूने दुसरं टोक धरलं, चाकावर पाय रोवला आणि जोर लावून ओढलं.