रूनाच्या जास्वंदीवर मावा

खिडकीची फळी हाताला चिकट लागली, तेव्हा मी आधी नवऱ्याला, बाल्डरलाच बोलले.

"पॅनकेकवरचा पाक सांडतोस आणि पुसत नाहीस. एवढा म्हातारा झालास तरी!"

"अगं, पाकाची बशी घेऊन मी खिडकीशी कशाला जाईन?"

"तळं बघायला."

"तळं गोठलंय, आस्ता. आता एप्रिल संपेपर्यंत त्यात बघण्यासारखं काही नाही."

फडकं ओलं करून मी फळी पुसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा चिकट. जास्वंदीची पानंही चमकत होती, कुणी तेलाचं बोट फिरवल्यासारखी, आणि त्या चमकीवर पांढरा कोंडा पडलेला. धूळ असेल म्हणून फुंकर मारली. उडाली नाही. मग एक कळी दोन बोटांत धरली आणि उजेडाकडे वळवली.

कळीचं अंग हलत होतं. देठापासून टोकापर्यंत मावा, हिरव्यावर हिरवा, एकाला एक खेटून, सुई टोचायला जागा नाही. माझ्या हातातून कळी सुटली.

ही जास्वंद माझी नव्हती. शेजारच्या रूनाची होती, आणि तिच्याआधी रूनाच्या आईची. ऑक्टोबरात रक्ताच्या आजारासाठी रूना विनिपेगच्या इस्पितळात गेली. त्या सकाळी ती कुंडी स्वतः उचलून, धापा टाकत माझ्या दारात आली. "मी येईपर्यंत सांभाळ," म्हणाली. चाळीस वर्षांच्या शेजारात जिने कधी वाटीभर साखर मागितली नाही, तिने एवढंच मागितलं.

आणि मी काय केलं होतं? पहिलं हिम पडायच्या आदल्या संध्याकाळी बाहेरच्या ओसरीवरची मिरचीची कुंडी आत आणली होती. सगळं गाव आणतं तशीच. ऊन बरं पडतं म्हणून जास्वंदीच्या कुशीत ठेवली. आता धावत जाऊन मिरचीचं पान उलटं केलं. तिथेही तेच. तिथूनच आलेलं. माझ्या हातांनी उचलून आणलेलं.

बाल्डरने गळ बांधताना लावायचं भिंग आणून दिलं. मी चौतीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होते. कळा आलेलं शरीर मला लांबून ओळखू येतं. भिंगाखाली एक जाडी मावाबाई निश्चल उभी होती. तिने मागचं अंग उचललं, आणि त्यातून एक इवलासा जीव उलटा बाहेर यायला लागला, हवेत सहा पाय झाडत.

"बाल्डर, ही वितेय."

"कोण?"

"ही! अंडं नाही रे, जिवंत पिल्लू. आणि पायाळू."

"अभिनंदन, सुईणबाई. मुलगा की मुलगी?"

त्याची थट्टा होती, पण उत्तर बागकामाच्या पुस्तकात सापडलं. साऱ्या मुलीच. नर लागतच नाही. आणि आत्ता जन्मलेल्या त्या लेकीच्या पोटात तिची लेक वाढायला लागलेली असते. आईच्या पोटी लेक, लेकीच्या पोटी नात, एका देहात तीन पिढ्यांचा पाळणा. मी ते वाक्य दोनदा वाचलं. पुन्हा भिंगातून पाहिलं, तर ती नवजात चार पावलं चालून गेली होती आणि कळीत सोंड खुपसून प्यायला लागली होती. ना रडली, ना दमली. जे पाहून मी चौतीस वर्षं हरखले, तेच पाहून मी भिंग पालथं ठेवलं.

मिरची त्याच क्षणी बर्फात गेली. जास्वंदीला न्हाणीघरात नेलं, टबात बसवलं, कोमट पाण्याने न्हाऊ घातलं. मग साबणाचं पाणी. एकेक पान तळहातावर घेऊन पुसलं, वरून पुसलं, खालून पुसलं. रूना येईल, रूना बघेल, असं मनाशी म्हणत पुसलं. चौथ्या दिवशी शेंडे पुन्हा हिरव्या दाण्यांनी भरलेले. असे चार आठवडे. कळ्या पिवळ्या पडून फळीवर गळायला लागल्या.

"छाटून टाक," बाल्डर म्हणाला. "कोवळं तेवढं सगळं. वीतभर खोड ठेव."

"दुसऱ्याच्या आईचं झाड आहे ते!"

"मग तिला विचार."

पण रूना दर रविवारी दुपारी फोनवर दिसायची, टोपी घातलेली, ओठ सुकलेले, आणि मी दर रविवारी "छान आहे तुझी जास्वंद" म्हणून विषय बदलायची. त्या रविवारी तिने सोडलं नाही.

"दाखव ना."

"उजेड बरा नाहीये गं."

"दुपारचे दोन वाजलेत, आस्ता."

मागून बाल्डर म्हणाला, "दाखव तिला."

मी फोन फिरवला आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. मिरची, चिकटा, टब, सगळं. मग रूना हसली.

"मावा? एवढंच? मला वाटलं मेली, म्हणून तोंड लपवतेयस. काप की."

"आणि तू परत आल्यावर तुझ्या हातात काय देऊ? खुंट?"

"काही देऊ नकोस. मी ती परत घेणार नाहीये."

"म्हणजे?"

"डॉक्टरांनी सप्टेंबरातच सांगितलं. मातीतले जंतू मला झेपायचे नाहीत; घरात माती नको, कुंडी नको. पुढेही नकोच."

"मग 'सांभाळ' का म्हणालीस?"

"कायमची घे म्हटलं असतं तर तू ओसरीवर रडत बसली असतीस. आणि माझा मुलगा गाडी चालू ठेवून थांबला होता. तेवढा वेळ नव्हता बाई."

मी जवळच्या स्टुलावर बसले. महिनाभर मी टबाशी गुडघे टेकून एकेक पान पुसत होते ते झाडासाठी नव्हतंच. झाड जगलं की रूना येणार, असा मी माझ्याशीच करार केला होता. आणि तिने तो कधी केलेलाच नव्हता.

"पण तू येणार आहेस ना?"

तिने टोपी कपाळावर खाली ओढली.

"ते मला कुणी सांगितलेलं नाही. मी विचारलेलंही नाही. कात्री आण."

बाल्डरने फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. मी साबणाच्या पाण्याची बादली खाली ठेवली. पहिला शेंडा कापला. दुसरा कापला. तिसऱ्यावर एक कळी होती, टोकाशी लाल चीर उघडलेली.

"रूना, ही दोन दिवसांत उमलेल."

"आहेत तिच्यावर?"

मी भिंग लावलं नाही. डोळ्यांना दिसतच होतं.

"आहेत."

"मग तीही."

कळी बादलीत पडली, तरंगली, आणि तिच्या अंगावरून हिरवे ठिपके सुटून पाण्यावर पसरले. मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

"माझ्याकडे बघ," रूना फोनमधून म्हणाली. मी पाहिलं. तिचे डोळे भरले होते, आवाज मात्र कोरडा. "हं. आता पुढची."