नत्थुजीचा वाकडा हेड

टेप दुरुस्त करनारा आता अकोटात मीच एक उरलो. लोकं म्हनतात, इनायतुल्ला, आता मोबाईल दुरुस्ती शिक. म्हनलं, जा बाप्पा, तुमचं तुमी पाहा.

त्या दिवशी माया जुना दोस्त नत्थुजी तेल्हाऱ्याहून यष्टीनं आला. सोबत त्याची लहानशी नात, आचल. कापसाच्या बाजारात नत्थुजीचा आवाज असा, की बैलं बी थबकत. मागच्या साली कॅन्सरनं गळ्याचं आपरेशन झालं, आवाजच गेला. आता गळ्याले भोक हाये, अन् त्यातून नुसती हवा सूं सूं करते. पोट्टी त्या आवाजाले भेते, आजाच्या मांडीवर बसत नाही. दुकानातबी खुर्चीमागं लपून उभी.

नत्थुजीनं खिशातून कॅसेट काढली अन् पाटीवर लिहिलं, 'माया आवाज. हिले ऐकव.'

मी लावली. तोंडात गोधडी कोंबून कोनी बोलून राह्यलं, असं वाटे. अन् फीत जेच्यावर घासून वाजते, त्या हेडवर तपकिरी भुकटी! फितीवरचा आवाज धरनारा मसालाच झडून राह्यला होता. अशीच वाजवत बसलो असतो, तर उरला-सुरला नत्थुजीबी पुसून गेला असता.

मी तडकलो. "काहून रे बह्याडा! नवी टेप आनली, तवा हेडचा स्क्रू सुरीनं पिळाले तुले कोनं सांगतलं होतं?"

त्यानं मान खाली घातली. आवाज साफ करायच्या नादात गड्यानं हेड तिरपा केला, अन् त्याच हेडवर या कॅसेटीत आवाज भरला. ती टेप कवाच भंगारात गेली. माया टेपचा हेड सरळ, त्याले तिरपं भरलेलं धड ऐकू येत नाही. जिंदगीभर लोकाइचे हेड सरळ केले, अन् दोस्तासाठी आपलाच वाकडा करा लागला.

पन त्याचा आवाज परत परत वाजवून स्क्रू फिरवला, तर आवाजच झडन. कॅसेटीच्या सुरुवातीले नुसती बैलाइची घुंगरं भरली होती. त्यावरच पेचकसानं स्क्रू जरा जरा फिरवला. नत्थुजी डोये मिटून ऐकून राह्यला. घुंगरं खणखणली, तशी त्यानं टेबलावर थाप मारली.

हेड पुसला. आवाज भरून घ्यायले मोबाईल लावला. मंग कॅसेट पुढं जाऊ देली.

कॅसेटीतला नत्थुजी बायकोले म्हने, "मनकर्णे, भरून राह्यलं का वं हे डबडं? आइक! कापूस साऱ्याइचा येते, पन नत्थुजीसारका कोनाचाच नाही!" अन् मंग असा हासला, असा हासला, की रस्त्यावरचा आटोवाला वाकून पाहे.

माये डोये भरून आले. खोटं कायले बोलू?

आचल खुर्चीमागून बाहेर आली. "हे आबा होये?"

नत्थुजीनं मान डोलावली. पोट्टी त्याच्याकडं पाहतच राह्यली. मंग मांडीवर चढली, गळ्याच्या भोकाजवळ बोट नेलं अन् मले म्हने, "चाचा, आबाचाबी स्क्रू फिरवा ना."

हातातला पेचकस मी खाली ठेवला. नत्थुजीच हासला. सूं सूं झालं. या बारीनं पोट्टी भेली नाही.