होडीची वाट पाहणारे एकेचाळीस जण

नऊ फूट लांब आणि सहा फूट उंच कापड एकट्याने खांद्यावर घेऊन तो तीन जिने चढला, तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. खोलीत एक गादी, एक स्टोव्ह आणि तो स्वतः, एवढंच सामान. कापड भिंतीला ठोकलं तर अर्धी खिडकी झाकली गेली. जाऊ दे, म्हणाला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतंच. जे बघायचं होतं ते त्याने आधीच बघून ठेवलं होतं.

काय, तर एक नदी. धुक्यातली सकाळ, लाकडी धक्का, आणि धक्क्यावर होडीची वाट बघत उभी असलेली माणसं. एकोणिसाव्या वर्षी कुठूनतरी कुठेतरी जाताना त्याने ती पाहिली होती. एक बाई छत्री मिटावी की नको या विचारात, एक म्हातारा बूट हातात घेऊन, एक जोडपं भांडण अर्धवट ठेवून. होडी दिसत नव्हती, पण माना सगळ्यांच्या एकाच बाजूला. त्याने मोजली होती, एकेचाळीस. ना चाळीस, ना बेचाळीस. हे चित्र पुरं करायचं आणि मगच डोळे मिटायचे, असं त्याने तेव्हाच ठरवून टाकलं. बाकी आयुष्यात काय होईल ते होईल.

आता आयुष्याला असं मोकळं सोडलं की ते पहिल्यांदा पोट घेऊन येतं. पोटासाठी तो खोटे डोळे बनवणाऱ्या कारखान्यात लागला. कारखाना म्हणायचा, होत्या चार खोल्या. मालकीणबाई साचे काढायच्या, आणि हा बुबुळं रंगवायचा. गिऱ्हाईक समोर बसवायचं, हातभर अंतरावर, खिडकीच्या उजेडात. त्याचा जिवंत डोळा बघत बघत शर्टाच्या बटणाएवढ्या चकतीवर तस्साच दुसरा उतरवायचा. पांढऱ्या भागावर शिरा म्हणून लाल रेशमाचे तंतू चिकटवायचे. वरून पारदर्शक थर देऊन भट्टीत भाजायचा. त्याच्या हातचा डोळा बसवलेला माणूस आरशासमोर उभा राहून आपला खरा कुठला हे चाचपून बघायचा म्हणतात. एका गवंड्याने तर सवयीने भलत्याच डोळ्यात औषध घातलं आणि वर त्याला आराम पडला. विश्वास ठेवायचा तर ठेवा.

दिवसभर लोकांचे डोळे, सकाळी चहाच्या आधी दोन तास आपली नदी. असं चाललं होतं. मग लग्न झालं.

बायको चांगली होती, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे तुम्ही तिच्यावर उगाच राग धराल. मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात ती इस्त्री विभाग सांभाळायची, दिवसाला सहाशे चादरी. ती आली तेव्हा कपाटही आलं, आणि कपाटाला भिंत लागते. त्याने कापड सहा फुटांवर आणलं आणि सगळी माणसं नव्याने, जरा लहान काढायला घेतली. मुलगी झाली, पाळणा आला. कापड तीन फुटांवर. मुलगी शाळेत गेली, टेबल आलं. कापड दीड फूट. दर वेळी पहिल्यापासून सुरुवात, आणि दर वेळी माणसं तेवढीच.

"अहो, थोडी कमी करा की," बायको एकदा म्हणाली. तिचा स्वभाव तसा व्यवहारी.

"कोणाला काढू?"

"ते मी काय सांगू? घरातली काढता येत नाहीत, निदान चित्रातली तरी काढा."

त्याने काढली नाहीत. मग सासरे आले, आठ दिवसांसाठी. त्याला आता नऊ वर्षं झाली. त्यांना सगळे अप्पा म्हणत. त्यांच्याबरोबर एक लोखंडी खाट, एक रेडिओ आणि बोलण्याची अखंड हौस एवढं आलं. खाट खिडकीखाली गेली, म्हणजे उजेड अप्पांच्या मालकीचा झाला. चित्र काडेपेटीएवढ्या पुठ्ठ्यावर आलं. घरात कोणी शिंकलं की चार माणसं नदीत पडायची. तरी तो भिंग लावून काढत होता. मुलीने शाळेच्या स्नेहसंमेलनाला बोलावलं, हा नदीत. बायकोला ताप आला, तिने स्वतःच उठून स्वतःसाठी भात टाकला, हा नदीत. एका सकाळी उठून बघतो तर काडेपेटीएवढं चित्र जागेवर नाही.

"अप्पा, इथे एक लहानसा पुठ्ठा होता."

"तो होय? खाट डुगडुगत होती, जावईबापू. पायाखाली घातला. आता बघा कशी घट्ट बसलीय!"

तो खाटेकडे बघत राहिला. खाट घट्ट बसली होती, यात शंका नाही.

त्यानंतर दोन वर्षं त्याने ब्रश उचलला नाही. कारखान्यात उचलायचा, ते वेगळं. घरात तो बोलेनासा झाला. तसा आधीही बोलत नव्हता, त्यामुळे फरक कोणाला कळला नाही.

मग अप्पांचा डावा डोळा गेला. आत काहीतरी दाब वाढला, दुखणं असह्य झालं, डॉक्टरांनी काढूनच टाकला. उजव्यात मोतीबिंदू, पण त्याला हात लावायचं डॉक्टर नको म्हणाले. खोटा डोळा कोण करणार हा प्रश्नच नव्हता.

"घरचंच दुकान आहे," अप्पा येईल-जाईल त्याला सांगायचे. "जावई करून ठेवावा तो असा."

सुट्टीच्या दिवशी अप्पांना खुर्चीत बसवून तो समोर बसला. अप्पांनी लहानपणापासूनचं आयुष्य सांगायला सुरुवात केली. याने चकती घेतली, तपकिरी रंग घोटला, ब्रश टेकवला आणि बघतो तर हाताने नदीच्या पाण्याचा राखाडी रंग उचललेला. त्याच्या मनात काही नव्हतं, असं तो नंतर सांगत असे. मला विचाराल तर त्याच्या मनात दोन वर्षं दुसरं काहीच नव्हतं. अप्पा त्याच्या खिडकीत झोपले होते. आता अप्पांच्या चेहऱ्यात तरी त्याला जागा मिळत होती, आणि कपाट, टेबल, खाट यांपैकी कोणी ती मागायला येणार नव्हतं.

सहा बैठका झाल्या. ब्रशचे केस जाड पडायला लागले तेव्हा त्याने अप्पांच्याच कानावरचा एक केस उपटून काडीला बांधला. "आई गं!" अप्पा ओरडले. "हे पण लागतं का?"

"लागतं," तो म्हणाला. तीस वर्षांत एवढ्या आनंदात तो कोणाशी बोलला नव्हता.

मधोमध काळी बाहुली, ते धुक्यातलं पलीकडचं खोल पाणी. भोवती गोल धक्का. आणि धक्क्यावर, बटणाएवढ्या जागेत, सगळीच्या सगळी माणसं. छत्रीची काडीसुद्धा होती. शेवटचा माणूस झाला तेव्हा त्याने भिंग खाली ठेवलं आणि रडला. अप्पांना वाटलं, आपल्या हकिकतीने रडला. ते खूश झाले.

पारदर्शक थर दिला, भाजला, बसवला. चित्र पुरं झालं. आता फक्त कोणीतरी ते बघायचं होतं. त्याने ठरवलं, आपण सांगायचं नाही. घरातली माणसं आहेत, दिसेलच त्यांना.

चार महिने गेले. रोज तीन वेळा ते चित्र जेवणाच्या टेबलावर त्याच्या समोर बसून जेवत होतं. एक बुबुळ तपकिरी आणि एक धुक्याचं, आंधळ्यालाही कळावं. पण बायको ताट ठेवताना ताटाकडे बघायची. मुलगी "आजोबा, आवाज कमी करा" म्हणताना रेडिओकडे बघायची. अप्पांना स्वतःला आरशात आपली टोपी तेवढी दिसायची. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडाकडे घरात कोणी बघत नाही हो, हे त्याला त्या चार महिन्यांत कळलं. पण त्यात आपणही आलो, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही. तो बघायचा तो डाव्या डोळ्याकडे. उजवा कसा आहे हे त्याने कधीच पाहिलं नाही. जिवंत डोळा न बघता खोटा केला, असा प्रकार त्या कारखान्यात त्याच्या आधी कोणाच्या हातून झाला नव्हता.

मुलीचं लग्न ठरलं. आठवडाभर आधी दोन्ही घरांचा एकत्र फोटो काढायला फोटोग्राफर आला. फोटो काढून झाल्यावर त्याने तो लॅपटॉपवर मोठा केला, आणखी मोठा केला, आणि थांबला.

"आजोबांच्या डोळ्यात काहीतरी गेलंय," तो म्हणाला. "कचरा दिसतोय. मी पुसून टाकतो, काळजी करू नका."

तीस वर्षांच्या कामावरचा हा पहिला अभिप्राय.

"थांबा थांबा," मुलगी वाकून बघायला लागली. "हा कचरा नाही. ही... ही माणसं आहेत का? बाबा?"

व्याही मंडळी खुर्च्यांवरून उठून आली. बायको आली. मग जे व्हायचं ते झालं, पण पाहुणे गेल्यावर.

"माझ्या बापाच्या डोळ्यात तुम्ही चित्र काढलंत?" बायकोचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "चार महिने त्यांना असं फिरवलंत? लोक काय म्हणाले असतील?"

"कोणी काही म्हणालं नाही. कोणी बघितलंच नाही."

"ते सोडा. लग्नाच्या दिवशी दोनशे माणसं बघणार आहेत."

"नवीन करू. दुसरा साचा घेऊन."

"किती दिवस?"

अप्पांच्या खोबणीचा साचा जमायलाच तीन आठवडे लागले होते. आहे तोच डोळा वरून घासून पुन्हा रंगवला तर मात्र एका दिवसाचं काम. हे बायकोलाही ठाऊक होतं. इतकी वर्षं ती काही उगाच त्याच्या शेजारी झोपली नव्हती.

"अगं, मी काळा चष्मा लावीन," अप्पा खाटेवरून म्हणाले. त्यांची आज सगळ्यांना मधेच आठवण झाली. "त्यात काय एवढं? रुबाबदार दिसतो मी काळ्या चष्म्यात. पण जावईबापू, मी चार महिने काय घेऊन फिरतोय ते एकदा सांगा तरी."

त्याने सांगितलं. खाली बसून, अप्पांच्या गुडघ्याशी, सगळं सांगितलं. धुकं, धक्का, छत्री, हातातले बूट, ते भांडणारं जोडपं. एकेक माणूस सांगितला. घरातलं कोणी मधे बोललं नाही. अप्पासुद्धा नाही, म्हणजे बघा.

"वा," अप्पा म्हणाले. "आणि त्यात मी कुठेय?"

"तुम्ही?"

"नाही का? बरं, माझी पोर?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"नात तरी असेल. लहान असताना काढली असेल कुठेतरी कडेला."

"नाही, अप्पा."

मग त्यांनी बोटाने खालची पापणी ओढली, डोळा सफाईने तळहातावर काढला आणि त्याच्यापुढे धरला.

"मग घासा बाबा हे. एवढी गर्दी, आणि ओळखीचं एक माणूस नाही. मी कशाला वागवू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं कारखान्यात गेले. घासायची मोटर सुरू करण्याआधी त्याने डोळा बायकोच्या हातात दिला आणि भिंग दिलं. मागितलं नव्हतं तिने. ती खिडकीशी गेली. बराच वेळ बघत राहिली. एकदा तिच्या ओठांची हालचाल झाली, ती मोजत होती.

"सुंदर आहे," ती म्हणाली. तिने भिंग टेबलावर ठेवलं. "परक्या बाईने छत्री कशी धरली होती, ते इतकं तुमच्या लक्षात राहिलं."

तिने डोळा त्याच्या हातात परत दिला. राहू दे म्हणेल म्हणून तो जरा थांबला, मग मोटर सुरू केली.

घासायला चार मिनिटं लागली. पहिल्या मिनिटात होडीची वाट बघणारे गेले, दुसऱ्यात धक्का. बाकीचा वेळ नुसतं पाणी होतं.

मग तो अप्पांच्या समोर बसला आणि पहिल्यांदा त्यांचा उजवा डोळा बघितला. मोतीबिंदूच्या दुधी पडद्यामागे तपकिरी होता, पण सरळ तपकिरी नव्हे. कडेला वयाचं निळसर कडं होतं, खालच्या बाजूला मोहरीएवढा पिवळा ठिपका होता. तसाच ठिपका बायकोच्या डोळ्यात आहे की काय, असं त्याच्या मनात आलं. ती मागेच उभी होती. वळून बघायचा त्याला धीर झाला नाही.

संध्याकाळपर्यंत डोळा झाला. मालकीणबाईंनी तो उलटा-सुलटा करून बघितला आणि म्हणाल्या, "आता तुम्ही निवृत्त व्हायला हरकत नाही."

लग्नाच्या दिवशी अप्पा पहिल्या रांगेत, उघड्या डोळ्यांनी बसले होते. फोटोग्राफरने दोनदा मोठं करून बघितलं आणि यातला खोटा कुठला, म्हणून विचारलं. व्याह्यांनी पैज लावली आणि हरले. बायको बापाच्या तोंडाकडे बघत उभी होती, चांगली दोन-तीन मिनिटं. मग नवऱ्याकडे आली. तिला इतकं हसताना त्याने बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

"हुबेहूब," ती म्हणाली. "बघा, मनावर घेतलं की किती सुंदर काम करता तुम्ही. आयुष्यात एवढं चांगलं काही काढलं नव्हतंत."

"हो," तो म्हणाला, आणि उशिरा आलेल्या पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडायला गेला.